एका माणसाचा हिशोब

सोल, २९ जून १९९५. दुपार उलटून गेली आहे.

सोचो भागातल्या रुंद रस्त्यावर तुम्ही उभे आहात. समोर साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर. गुलाबी रंगाची, जमिनीवर पाच मजले आणि खाली चार तळघरं असलेली इमारत. उघडून जेमतेम पाच वर्षं झालीत. नव्या, पैसेवाल्या सोलला आपला पैसा खर्च करायला जशी जागा हवी असते, तशी ही जागा. आज गर्दीही चांगली आहे.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती उकाडा. जूनअखेरीची दमट हवा आणि एवढ्या झकपक दुकानात एसी बंद. काउंटरमागच्या मुली रुमालाने घाम टिपत, हसतमुखाने कपड्यांच्या घड्या उलगडून दाखवतायत. एसी का बंद आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही भविष्यातून आला आहात, म्हणून तुम्हाला माहीत आहे. वर गच्चीवर एसीची अवजड यंत्रं सुरू झाली की इमारतीला हादरे बसतात, आणि सकाळपासून पाचव्या मजल्यावरच्या भेगा रुंदावतायत.

जिना चढून वर जा. पाचवा मजला गिऱ्हाइकांसाठी बंद केलाय, पण तुम्हाला कोण अडवणार? इथे ओळीने रेस्टॉरंटं आहेत. मूळ आराखड्यात हा मजला नव्हताच. मुळात दुकानही नव्हतं, राहती इमारत बांधायची होती. काम सुरू असताना मालकांनी बेत बदलला आणि सरकत्या जिन्यांना जागा करायला खांब काढायला सांगितलं. कंत्राटदाराने नकार दिला, तेव्हा त्याला घालवून मालकांनी स्वतःच्याच कंपनीकडून काम पुरं करून घेतलं. पाचव्या मजल्यावर आधी स्केटिंगची जागा होणार होती, मग तिथे रेस्टॉरंटं आली. कोरियन पद्धतीने जमिनीवर बसून जेवायचं, म्हणून फरशी खालून गरम हवी. त्यासाठी गरम पाण्याचे पाइप आणि त्यांच्यावर काँक्रीटचा आणखी एक जाड थर. एवढं ओझं ज्यांनी पेलायचं ते खांब ८० सेंटिमीटरचे हवे होते, बांधले ६० चे. इमारतीला तुळया नाहीत, स्लॅब थेट खांबांवर टेकलेला. अशा बांधकामात खांब बारीक असला आणि भार वाढत गेला, तर खांब स्लॅबला भोक पाडून वर येतो. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून गच्चीवरची यंत्रं क्रेनने न उचलता रुळांवरून ओढत पलीकडे नेली होती. त्या ओढाताणीत पडलेल्या भेगाच आज तुमच्या पायाशी पोचल्यात.

तुम्हाला ओरडून सगळ्यांना बाहेर काढावंसं वाटतं. पण नवीन काय सांगणार? कामगारांनी भेगा दाखवल्यात, इंजिनिअर येऊन पाहून गेलेत. साहेबलोकांची बैठक झाली. त्यात इमारत रिकामी करायचा विषय निघाला आणि बारगळला, कारण आजचा गल्ला बुडाला असता. त्यातले काही वरिष्ठ आता दुकानात नाहीत. ते सुखरूप बाहेर पडलेत.

तुम्हीही बाहेर पडा. सहा वाजायला थोडा अवकाश असताना धोक्याच्या घंटा वाजतात आणि लोक दाराकडे धावू लागतात. मग दक्षिणेकडचा अख्खा भाग सुमारे २० सेकंदांत तळघरात जाऊन बसतो. ५०२ माणसं मरतात, ९३७ जखमी होतात. धुळीचा लोट रस्ता ओलांडून तुमच्यापर्यंत येतो. उत्तरेकडचा भाग मात्र तसाच उभा राहतो.

त्याच जागी, जुलै १९९५

दोन दिवसांनी पुन्हा या. आता इथे क्रेन आहेत, धूर आहे, पाऊस आहे. काही अधिकारी म्हणू लागलेत की आत कुणी जिवंत असणं शक्य नाही, आता फक्त मृतदेह काढायचे. रस्त्यावर थांबलेले नातेवाईक हे ऐकून घ्यायला तयार नाहीत.

९ जुलैच्या सकाळी ढिगाऱ्यातून २० वर्षांचा मुलगा जिवंत बाहेर येतो. आत त्याचे २३० तास गेलेत. दोन दिवसांनी १८ वर्षांची मुलगी निघते, २८५ तासांनी. १५ जुलैला १९ वर्षांची मुलगी, ३७७ तासांनी. तिघंही या दुकानात काम करणारी. कपड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्यात ना, त्यांच्यासारखीच.

स्ट्रेचर तुमच्या समोरून जातं. इतके दिवस अंधारात राहिलेल्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून चेहऱ्यावर कापड टाकलंय. लोक टाळ्या वाजवतायत, रडतायत. 'आता कुणी उरलं नसेल' हा हिशोब मांडणाऱ्यांच्या वहीत ही तिघं आधीच खर्ची पडली होती. बैठकीत बसलेल्यांनी गल्ला आणि माणसं यांचा हिशोब मांडला, तसाच हाही. कोरियाच्या आपत्ती-चित्रपटांचा खरा विषय इथे, या दोन हिशोबांमध्ये सापडतो. भूकंप, त्सुनामी, झाँबी हे वरवरचं निमित्त.

मालकाला पुढे शिक्षा झाली. अपिलात ती साडेसात वर्षांवर आली. लाच खाऊन परवानग्या देणारे अधिकारीही तुरुंगात गेले. आज त्या जागी उंच, महागडी निवासी इमारत आहे. मृतांचं स्मारक तिथून दूर, यांगजेच्या एका बागेत.

१६ एप्रिल २०१४

मधली वर्षं भराभर उलटा. साम्पुंगच्या आठ महिने आधी हान नदीवरच्या सॉंगसू पुलाचा तुकडा सकाळच्या गर्दीत नदीत कोसळला होता, ३२ जण गेले होते. २००३ मध्ये देगूच्या मेट्रोत आग लागली, १९२ जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी झाली, कुणाला तरी शिक्षा झाली, 'पुन्हा असं होऊ देणार नाही' असं सांगितलं गेलं.

आता एका घरात टीव्हीसमोर उभे राहा. इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेली सेवोल नावाची बोट कलंडते आहे. बोटीवर ४७६ जण, त्यात आन्सान शहरातल्या एका शाळेची सहलीला निघालेली मुलं. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगितलं जातंय की जागेवरून हलू नका. मुलं शहाणी आहेत, ऐकतात. कप्तान बोट सोडून निघून जातो. टीव्हीवर मध्येच बातमी झळकते की सगळी मुलं वाचली. ती खोटी निघते. ३०४ जण बुडतात, त्यात सुमारे २५० मुलं.

काही दिवसांनी जिंदो बेटावरच्या पेंगमोक बंदरात या. पालक समुद्राकडे बघत बसलेत. एक वरिष्ठ अधिकारी तिथे आठवण म्हणून फोटो काढायच्या गडबडीत आहे. त्याची नोकरी जाते. हा फोटो लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामी तो पुन्हा भेटेल.

सोल, ऑगस्ट २०१६. सिनेमागृहात.

बाहेर अंगाची लाही करणारा उन्हाळा. ग्वांगह्वामुन चौकात सेवोलच्या पालकांचे तंबू अजून तसेच आहेत, मुलांच्या आठवणीसाठी बांधलेल्या पिवळ्या फिती ऊन खाऊन फिकट झाल्यात. गेल्याच महिन्यात 'ट्रेन टू बुसान' लागला आणि त्याने एक कोटी प्रेक्षकांचा आकडा ओलांडला. आज तुम्ही 'टनेल' पाहायला आला आहात. १० ऑगस्टला प्रदर्शित झालेला हा चित्रपट सत्तर लाखांहून जास्त लोक पाहतील. दिग्दर्शक किम सॉंग-हुन, नायक हा जंग-वू. गंमत अशी की हा जंग-वू हे पडद्यावरचं नाव. त्याचं खरं नावही किम सॉंग-हुनच.

खुर्चीत सावरून बसा, कारण चित्रपट पाच-सात मिनिटांतच तुम्हाला बोगद्यात गाडतो.

ली जंग-सू हा गाड्या विकणारा माणूस. मुलीचा वाढदिवस, मागच्या सीटवर केक. वाटेत पेट्रोल पंपावर कमी ऐकू येणारा म्हातारा सांगितलं त्यापेक्षा जास्त पेट्रोल भरतो. जंग-सू वैतागतो, पण नम्रपणे वैतागतो. दिलगिरी म्हणून म्हातारा पाण्याच्या दोन बाटल्या देतो. मग बोगदा येतो आणि तो कोसळतो. हातात दोन बाटल्या, एक केक आणि ७८ टक्के चार्ज असलेला फोन.

या घटकेपासून हा जंग-वूच्या चेहऱ्याकडे बघा. वाकलेल्या टपाखाली, हातभर जागेत अडकलेला माणूस फोनवरून मदत मागतोय, आणि सूर कसला? गिऱ्हाइकाशी बोलावं तसा अदबीचा. पलीकडची बाई विचारते कुठला बोगदा, तो सांगतो. बचाव पथकाचा प्रमुख दे-क्यॉंग फोनवर येतो, तेव्हा आपल्यामुळे लोकांना त्रास होतोय असा संकोच आधी जाणवतो, भीती त्यानंतर. सुटकेला आठवडा लागेल हे कळल्यावर तो क्षणभर गप्प होतो आणि नुसतं विचारतो, आठवडा? डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलली गेल्यावर विक्रेता जसा गिऱ्हाइकासमोर चेहरा सांभाळतो, अगदी तसा. तुमच्या शेजारची बाई हसते. तिला हसू आलं याचं तिला नवल वाटतं.

हा नट खाण्याच्या दृश्यांसाठी कोरियात प्रसिद्ध आहे. 'द यलो सी' मध्ये तो ज्या भुकेने जेवतो, त्याची नक्कल कोरियन माणूस अजून करून दाखवतो. इथे दिग्दर्शकाने त्याला उपाशी ठेवलंय. केक कुत्रा खाऊन टाकतो, आणि जंग-सूवर त्या कुत्र्याचं खाद्य चघळायची पाळी येते. आधी किळस, मग सावध चव, मग गप्पपणे चावणं. विनोद आणि कीव यांत अंतर किती कमी असतं, ते या एका चेहऱ्यावर दिसतं.

कुत्रा आला कुठून? त्याच ढिगाऱ्यात पलीकडच्या गाडीत मी-ना नावाची तरुण मुलगी अडकली आहे. स्लॅबखाली दबलेली. नाम जी-ह्यॉनचं काम छोटं, पण चित्रपटाचा सगळ्यात अवघड प्रसंग तिच्या वाट्याला आलाय.

तो प्रसंग जवळून बघा. जंग-सूने बाटलीवर रोजच्या पाण्याच्या खुणा केल्यात. मी-ना पाणी मागते. तिला काहीच कल्पना नाही की हे मोजकं पाणी आहे. कॅमेरा हा जंग-वूवर थांबतो. संवाद नाही. नजर बाटलीवर, मग खुणांवर, मग अंधारात जिथून तिचा आवाज येतोय तिकडे. 'नाही' म्हणायला एक श्वास घेतला जातो आणि तो तसाच सोडला जातो. तो पाणी देतो. मुलगी घाबरत, माफी मागत म्हणते, कुत्र्यालाही थोडं मिळेल का? सिनेमागृहात हशा पिकतो. त्या चेहऱ्यावर राग, दया, हतबलता आणि 'आता काय बोलायचं' सगळं एकत्र आलंय. पण बाटली पुन्हा उघडली जाते. साम्पुंगच्या बैठकीत जो हिशोब मांडला गेला, तोच या माणसासमोर आलाय: माझं किती जाईल आणि समोरच्याला किती लागेल. बैठकीने गल्ला वाचवला, हा पाणी ओततो. नटाने त्यात शौर्याचा लवलेश आणलेला नाही. द्यायचं त्याच्या जिवावर आलंय, आणि तरी तो देतो.

मी-ना आईशी फोनवर बोलते, काळजी करू नको म्हणते. ती वाचत नाही.

आता ढिगाऱ्याबाहेर या. बाहेर गर्दी आहे. एक वार्ताहर जंग-सूला थेट प्रक्षेपणात फोन लावून 'कसं वाटतंय' विचारतो आणि त्याची बॅटरी खातो. मंत्रीबाई, म्हणजे ज्येष्ठ अभिनेत्री किम हे-सुक, ताफ्यासकट येतात, जंग-सूच्या बायकोचं सांत्वन करतात, आणि लगेच तिला मध्ये घेऊन फोटो. थिएटरात आधी हशा येतो, मग तो अर्ध्यावर विरतो. पेंगमोक बंदरातला फोटो इथल्या कुणाच्याच मनातून गेलेला नाही.

बायको से-ह्यॉन म्हणजे बे दूना. हॉलिवूडचा 'क्लाउड अ‍ॅटलस' करून आलेली ही नटी इथे कुठलाही मेकअप न केल्यासारखी, झोप नसलेल्या डोळ्यांनी वावरते. जवळपास अख्ख्या चित्रपटात तिच्यासमोर नवरा नाही. आधी फोन, मग फोन बंद पडल्यावर रेडिओ. आत फक्त एक शास्त्रीय संगीताचं केंद्र ऐकू येतं, तिथून ती त्याच्याशी बोलते. उत्तर येणार नाही अशा माणसाशी बोलायचं असेल तर आवाज कुठे चढवावा आणि कुठे सोडावा, याचा धडा आहे हा. बाकीचा वेळ ती बचाव पथकाच्या जेवणाच्या तंबूत राबते. नुसतं बसून राहणं तिला परवडणारं नाही.

दे-क्यॉंगच्या भूमिकेत ओ दाल-सू. हा चेहरा कोरियन प्रेक्षकाला घरच्यासारखा ओळखीचा, बहुतेक वेळा विनोदी कामांतला. बोंग जून-हो यांच्या 'द होस्ट' मध्ये बे दूना होती, आणि त्यातल्या राक्षसाचा आवाज याच ओ दाल-सूचा होता. इथे तो जंग-सूला लघवी पिऊन तग धरता येतो असं सांगतो, आणि मग आपण काय सांगतोय हे कळावं म्हणून एकटाच ती स्वतः पिऊन बघतो. आचरटपणा वाटावा असा प्रसंग तो संपूर्ण गांभीर्याने करतो, म्हणून तो मनात राहतो. दुसऱ्यावर लादायचं ते आधी स्वतःवर घेणारा चित्रपटातला हा एकटा अधिकारी.

मग भोक पाडण्याचं काम फसतं. वरून खणत खणत यंत्र खाली पोचतं आणि तिथे जंग-सू नसतो, कारण बोगदा कागदावरच्या आराखड्याप्रमाणे बांधलेलाच नाही. चुकीच्या आराखड्याने सांगितलेल्या जागी इतके दिवस खणलं गेलं. थिएटरात कुणीतरी दातओठ खाऊन पुटपुटतं. ८० च्या जागी ६० सेंटिमीटर म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही.

इथे तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे जी शेजारच्या बाईला ठाऊक नाही. सात वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकतील. पाइपातून त्यांना जेवण जाईल, यंत्र मोडेल, शेवटचे काही मीटर हाताने खणणारे कामगार ढिगारा उपसतील, आणि १७ दिवसांनी सगळेच्या सगळे बाहेर येतील. सगळा देश डोळे लावून बसेल. आपल्याला तो प्रसंग आठवताना आनंद होतो. पण ४१ जणांसाठी थांबणारं जग, एकच माणूस आत असता तर, किती दिवस थांबलं असतं? पडद्यावर तोच प्रश्न चाललाय.

कारण आता बाहेरचं वातावरण बदलतंय. शेजारी दुसऱ्या बोगद्याचं काम रखडलंय, सुरुंग लावायचे आहेत, दर दिवशी नुकसान होतंय. बचावाचं काम करताना एक कामगार मरतो आणि त्याची आई आपला सगळा राग से-ह्यॉनवर काढते. त्या आईचंही चुकत नाही. लोक म्हणू लागतात, एवढे दिवस झाले, तो आता जिवंत नसेलच. साम्पुंगच्या ढिगाऱ्यावर १९९५ मध्ये तुम्ही हेच ऐकलंत. फरक एवढाच की तेव्हा अधिकारी बोलले, इथे जनमत बोलतं. दे-क्यॉंग पुन्हा पुन्हा आठवण करून देतो की आत माणूस आहे. त्याचा आवाज एकटा पडतो.

से-ह्यॉनला कागदावर सही करावी लागते. मग ती रेडिओवर जाते आणि नवऱ्याला सांगते की आता कुणी येणार नाही. बे दूना इथे रडत नाही असं नाही, पण ती रडणं वाक्याच्या मध्ये येऊ देत नाही. शब्द आधी पुरे करते. तो ऐकत असेल तर त्याला स्पष्ट कळलं पाहिजे. आत हा जंग-वू ते ऐकतोय. त्याची दाढी वाढलीय, गाल बसलेत. ज्याने महिनाभर अदब सोडली नाही त्याच्याकडून अदब काढून घेतल्यावर खाली काय उरतं ते इथे दिसतं: गळ्यातून निघणारा आवाज आणि मुठी.

गाडीचा हॉर्न त्याला वाचवतो. तो वाजवत राहतो, आणि ज्या दे-क्यॉंगने आशा सोडायला नकार दिलाय त्याला तो ऐकू येतो. ३५ व्या दिवशी जंग-सू वर येतो. मूळ कादंबरीत हा माणूस मरतो. दिग्दर्शकाने त्याला जिवंत ठेवलं, आणि २०१६ च्या या थिएटरात त्याचं कारण कुणी विचारत नाही.

बाहेर मंत्रीबाई, वार्ताहर, कॅमेरे सगळे सज्ज. महिनाभर ज्याला मेलेला धरलं त्याच्याबरोबर आता सगळ्यांना फोटो हवाय. जंग-सू दे-क्यॉंगच्या कानात काहीतरी कुजबुजतो. दे-क्यॉंग तो निरोप जमलेल्या साहेबलोकांना खणखणीत आवाजात ऐकवतो: सणसणीत शिवी, चालते व्हा.

थिएटर दणाणून जातं. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, शेजारची बाई डोळे पुसता पुसता हसते. पहिल्या प्रसंगात पेट्रोल पंपावर नम्रपणे वैतागलेला, ढिगाऱ्याखाली अदबीने मदत मागणारा, घोट घोट पाणी परक्यांना देणारा विक्रेता आत्ता पहिल्यांदा गिऱ्हाइकाला घालवून देतोय. दोन तास हा जंग-वूने तो सौजन्याचा सूर इतका खरा ठेवला म्हणून ही शिवी इतकी लागते. पहिल्यापासून चिडलेला नायक असता तर तिचं कुणालाच काही वाटलं नसतं. ज्याला हिशोबातून वगळलं त्याने हिशोब मांडणाऱ्यांना परत केलेलं हे बिल आहे, आणि थिएटरातल्या प्रत्येकाला ते आपल्या नावचं वाटतंय. दोन-अडीच महिन्यांत हीच माणसं राष्ट्राध्यक्षांविरुद्ध हातात मेणबत्त्या घेऊन ग्वांगह्वामुन चौक भरून टाकणार आहेत. त्या वेळी ती शिवी देणार नाहीत, पण चालते व्हा एवढं तरी नक्की म्हणतील.